टर्बोची डुलकी

आंबोली घाट चढताय. समोर चिऱ्यांनी भरलेला ट्रक, हातात घरची जुनी डिझेल स्विफ्ट, गिअर तिसरा, काटा पंधराशेवर. वळण संपतं, रस्ता मोकळा दिसतो, तुम्ही पाय दाबता आणि... काहीच होत नाही. एक. दोन. ट्रकचा धूर खात तुम्ही तिथेच. मग मागून कुणीतरी ढकलावं तशी गाडी सुटते, पण तोवर पुढचं वळण आलेलं असतं आणि समोरून कोल्हापूरची एसटी. आपल्याकडे या आजाराला 'गाडी उचलणा नाय' एवढंच म्हणतात. इंजिनिअरिंगच्या पोरांना विचारलंत तर ती सांगतील, टर्बो लॅग.

घाटात यावर उपाय सोपा आहे. ओव्हरटेक करायचं नाही. पण तुमच्या डोक्यात घाटाऐवजी ट्रॅक असेल तर? कणकवली घ्या नाहीतर सावंतवाडी, प्रत्येक कॉलेजात एक तरी जण असतोच, ज्याच्या मोबाइलमध्ये सेकंडहँड पोलोच्या जाहिराती सेव्ह केलेल्या असतात. गाडी घ्यायची, हलकी करायची, ट्रॅकवर न्यायची. स्वप्न छान आहे. अडचण अशी, की आपल्या जिल्ह्यात ट्रॅकच नाही. कोल्हापूरला मोहिते रेसिंग अकॅडमीचा कार्टिंग ट्रॅक आहे, तिथे हात साफ करता येतो. लोणावळ्याजवळ अँबी व्हॅलीच्या धावपट्टीवर ड्रॅग रेस होतात. गाडी घेऊन वळणावळणाच्या सर्किटवर उतरायचं, तर कोइमतूरची कारी मोटर स्पीडवे किंवा चेन्नईचा ट्रॅक. मालवणहून जाऊन-येऊन तीन-चार दिवसांचा खेळ. वर्षातून एक-दोनदाच जमणार, म्हणून गाडीवर घालायचा पैसा नेमका कुठे घालायचा हे आधी कळलं पाहिजे. आणि बहुतेक जण तो पहिल्याच फटक्यात चुकीच्या जागी घालतात. मोठा टर्बो बसवतात.

टर्बो म्हणजे एका दांड्याच्या दोन टोकांना बसवलेले दोन छोटे पंखे. एक इंजिनातून बाहेर पडणाऱ्या गरम धुरावर फिरतो, तो टर्बाइन. दुसरा त्याच्याबरोबर फिरून बाहेरची हवा दाबून इंजिनात कोंबतो, तो कॉम्प्रेसर. छोट्या गाडीतला हा दांडा मिनिटाला दीड-दोन लाख फेरे मारू शकतो. जास्त हवा, जास्त इंधन, जास्त ताकद. गोची एवढीच, की पंखा जोरात फिरायला भरपूर धूर लागतो, भरपूर धूर यायला भरपूर हवा लागते आणि भरपूर हवा यायला पंखा आधीच जोरात फिरत असावा लागतो. नोकरीला अनुभव पाहिजे आणि अनुभवाला नोकरी पाहिजे, तसंच हे. इंटर्नशिप करणाऱ्यांना जास्त समजवायची गरज नाही.

हा लॅग तुम्ही लहानपणी डोळ्यांनी पाहिलेला आहे. कुडाळ किंवा कणकवली स्टेशनवरून डिझेल इंजिनाची गाडी सुटताना वर उठणारा काळाकुट्ट धूर आठवा. जुन्या अल्को जातीच्या इंजिनात ड्रायव्हर नॉच वाढवायचा, तशी डिझेलची मात्रा लगेच वाढायची, पण टर्बो अजून जागा व्हायचा असायचा. डिझेल जास्त, हवा कमी, म्हणून काजळी. टर्बोने वेग पकडला की धूर पातळ व्हायचा. तो काळा लोट म्हणजे दिसणारा टर्बो लॅग. नंतर आपल्या मार्गावर डब्ल्यूडीपी-४डी सारखी, ईएमडी जातीची इंजिनं आली. त्यांच्या टर्बोला एक गंमत आहे. कमी वेगात तो धुराची वाटच बघत नाही, इंजिन त्याला गिअरने जोडून स्वतः फिरवतं. धुराचा जोर पुरेसा झाला की मधला क्लच आपोआप सुटतो आणि टर्बो स्वतःच्या पायावर उभा राहतो. २०२२ मध्ये कोकण रेल्वेचं विद्युतीकरण पूर्ण झालं आणि हा फुकटचा क्लास संपला.

रेल्वेवाल्यांनी गिअर लावून जे केलं, तेच फोक्सवॅगनने २००५ मध्ये पट्ट्यावर केलं. त्यांच्या १.४ लिटर टीएसआय इंजिनात टर्बोच्या जोडीला इंजिनच्या पट्ट्यावर फिरणारा सुपरचार्जर होता. खालच्या आरपीएमला सुपरचार्जर हवा देणार, साधारण ३५०० नंतर तो बाजूला आणि पुढचं सगळं टर्बोकडे. भारतात २०१२ पासून झालेल्या पोलो आर कपच्या गाड्यांत १८० पीएसचं १.४ टीएसआय इंजिन होतं. आपल्याला शोरूममध्ये मिळालेली चाकणची पोलो मात्र साधी, एकट्या टर्बोची. २०१३ ची १.२ टीएसआय आणि २०२० नंतरची १.० टीएसआय. हौशी ट्रॅक कारसाठी महाराष्ट्रात बनलेली दुसरी आवडती गाडी म्हणजे रांजणगावची फियाट पुंटो अबार्थ, १.४ लिटर, १४५ पीएस, २०१५ ची. यापैकी काहीही हातात असलं तरी पुढचा हिशेब तोच.

आता एक गल्लत आधीच दूर करू. आंबोलीतल्या त्या स्विफ्टला जे झालं, त्यात दोन आजार मिसळलेले आहेत. पंधराशे आरपीएमला इंजिनातून एवढा धूरच येत नाही, की टर्बोने पूर्ण बूस्ट द्यावा. तुम्ही दिवसभर पाय दाबून बसलात तरी, काटा वर सरकेपर्यंत तो देणार नाही. हा झाला बूस्टचा उंबरठा. लॅग वेगळा. काटा उंबरठ्याच्या वर आहे, तुम्ही पाय उचलला, पुन्हा दाबला, आणि पंख्याला पुन्हा वेग घ्यायला जो वेळ लागला, तो लॅग. उंबरठ्यावर औषध गिअर बदलणं, ते फुकट मिळतं. तिसऱ्याऐवजी दुसरा टाका, झालं. आंबोलीची उंची ६९० मीटर आहे, तिथे हवेचा दाब समुद्रकाठापेक्षा साधारण आठ टक्के कमी, म्हणून वर पोचेपर्यंत उंबरठाही थोडा वर सरकतो. मालवणात बरी वाटलेली गाडी घाटमाथ्यावर जरा जास्तच आळशी वाटते ती उगाच नाही.

ट्रॅकवर आरपीएम तुम्ही चढाच ठेवणार, त्यामुळे तिथे खरा शत्रू लॅग. किती मोठा शत्रू? वळणातून ६० च्या वेगाने बाहेर पडताना गाडी सेकंदाला जवळपास १७ मीटर जाते. पोलोची लांबी चार मीटरच्या आत. एक सेकंद टर्बो झोपला म्हणजे चार गाड्यांचं अंतर तुम्ही ताकदीची वाट बघत काढलं. आणि वेळ गेला एवढ्यावर भागत नाही. ती ताकद वळण संपल्यावर यायच्या ऐवजी मध्येच धाडकन आली, तर पुढची चाकं ओढणारी पोलो सरळ बाहेर सरकते. स्टिअरिंग वळवलेलं आणि गाडी भलतीकडे. १९७५ च्या पोर्श ९११ टर्बोमध्ये हेच मागच्या चाकांवर व्हायचं आणि गाडी गर्रकन फिरायची. उशिरा येणारी ताकद कमी ताकदीपेक्षा घातक असते, कारण तिच्यावर तुमच्या पायाचा ताबा नसतो.

मग लॅग येतो कुठून? सगळ्यात जास्त त्या फिरणाऱ्या चाकांच्या जडपणातून. इथलं गणित भयंकर आहे. त्याच धातूचं, त्याच आकाराचं चाक थोडं मोठं केलं, तर त्याला गती द्यायचा जडपणा व्यासाच्या पाचव्या घाताने वाढतो. व्यास फक्त दहा टक्के वाढला, तर जडपणा साठ टक्के वाढला. वीस टक्के वाढला, तर जवळपास अडीच पट. आता सांगा, मित्राने 'हा मोठा टर्बो टाक, दोनशे हॉर्सपॉवर बघ' म्हटल्यावर काय करायचं?

रेनोने हे शर्यतीच्या मैदानात शिकून घेतलं. जुलै १९७७ मध्ये सिल्व्हरस्टोनला फॉर्म्युला वनमध्ये पहिली टर्बो गाडी त्यांनी उतरवली. दीड लिटरचं इंजिन, त्यावर एक मोठा टर्बो. गाडी इतक्या वेळा वाफ सोडत बंद पडायची, की लोकांनी नाव ठेवलं, पिवळी चहाची किटली. सरळ रस्त्यावर ती बुंगाट, वळणातून निघताना मात्र ड्रायव्हर पाय दाबून बूस्टची वाट बघतोय. १९७९ च्या हंगामात रेनोने एका मोठ्या टर्बोच्या जागी दोन छोटे बसवले, इंजिनच्या प्रत्येक बाजूला एक. त्याच वर्षी १ जुलैला दिजाँला झां-पिएर जाबूईने फ्रेंच ग्रां प्री जिंकली, टर्बो गाडीचा फॉर्म्युला वनमधला पहिला विजय. किटली म्हणून हसणाऱ्यांनी पुढच्या काही वर्षांत स्वतःच टर्बो लावले.

तुमच्या चार किंवा तीन सिलिंडरच्या गाडीला दोन टर्बो कुणी लावणार नाही, लावूही नका. पण धडा तोच. छोटा टर्बो ठेवा. कारीचा ट्रॅक साधारण २.१ किलोमीटरचा आहे. अशा आखूड, वळणांच्या ट्रॅकवर तुम्ही पुनःपुन्हा ब्रेक मारणार आणि पुनःपुन्हा वेग घेणार. तिथे कागदावरचे तीस हॉर्सपॉवर कमी असलेली, पण पायाला लगेच उत्तर देणारी गाडी सोपी जाते. माझं मत स्पष्ट आहे. पहिली दोन वर्षं कंपनीचाच टर्बो.

पण आधी तो नीट चालतोय का बघा. इथे किनाऱ्यावरच्यांना जास्त काळजी घ्यावी लागते. टर्बोने दाबलेली हवा रबरी होज, इंटरकूलर आणि धातूच्या क्लिपांमधून इंजिनात जाते. आपल्या खाऱ्या वाऱ्यात त्या क्लिपा गंजतात, सैल होतात. होजला बारीक चीर पडते. इंटरकूलरच्या पातळ अॅल्युमिनियमच्या पात्यांवर पांढरी पूड धरते. गळतीतून निसटलेली हवा भरून काढायला टर्बोला जास्त फिरावं लागतं, म्हणजे बूस्ट उशिरा. गाडीचा संगणक वेस्टगेट जास्त वेळ बंद ठेवून हे काही काळ झाकतो, म्हणून दिवा लागत नाही आणि तुम्हाला वाटतं टर्बोच छोटा पडतोय. तपासणी पंक्चरवाल्याच्या पद्धतीची. इंजिन बंद ठेवून हवेचा मार्ग एका टोकाला बुजवायचा, गाडीच्या नेहमीच्या बूस्टपेक्षा कमी दाबाने हवा भरायची आणि जोडांवर साबणाचं पाणी मारायचं. बुडबुडा आला की सापडलं. दाब मोजणारा गेज असलेल्या मेकॅनिककडूनच करा, टायरचा पंप लावून घरी प्रयोग नको. वेस्टगेटचा दांडा गंजून किंचित उघडा राहतोय का, तेही त्याच वेळी बघून घ्या. जो धूर टर्बाइन फिरवणार, तोच तिथून बाजूने पळून जातो. या दोन दुरुस्त्यांत कित्येक गाड्या 'टर्बो बदलल्यासारख्या' वाटायला लागतात.

यानंतर येतो इंटरकूलरचा मोह. बंपरमधून दिसणारा भलामोठा चकचकीत इंटरकूलर फोटोत झकास दिसतो. हिशेब करू. १.२ लिटरचं इंजिन तीन हजार आरपीएमला सेकंदाला साधारण ३० लिटर हवा ओढतं. नळ्या आणि इंटरकूलर मिळून समजा १० लिटर जागा झाली, तर तिथे एक बार बूस्ट चढवायला आणखी १० लिटर हवा कोंबावी लागेल. म्हणजे इंजिनचा एक तृतीयांश सेकंदाचा श्वास नुसता नळ्या फुगवण्यात. पोलोच्या १.० टीएसआयमध्ये कंपनीने पाण्याने थंड होणारा इंटरकूलर थेट इनटेक मॅनिफोल्डमध्येच बसवलाय, तो याच कारणाने. हवेची वाट आखूड. तो काढून पुढे मोठा लावणं म्हणजे चांगली गोष्ट पैसे देऊन बिघडवणं. उलट, मे महिन्यात सलग लॅप मारताना हवा तापून ताकद पडत असेल, तर मोठ्याला अर्थ आहे. पण ते गरमीचं औषध. लॅगचं नव्हे.

धुराच्या बाजूला थोडं करण्यासारखं असतं. टर्बाइनच्या पुढचा सायलेन्सरचा मार्ग मोकळा झाला, तर टर्बाइनच्या दोन बाजूंमधला दाबाचा फरक वाढतो आणि पंखा लवकर फिरतो. मॅनिफोल्डवर उष्णता धरून ठेवणारी पट्टी गुंडाळली तरी धुरातली ऊर्जा वाया जात नाही, पण बिडाचे मॅनिफोल्ड त्या तापाने तडकू शकतात. ट्विन स्क्रोल टर्बोची जाहिरात बघून तीन सिलिंडरवाल्यांनी जीव टाकू नये. चार सिलिंडरमध्ये धुराचे ठोके एकमेकांच्या अंगावर येतात म्हणून ते दोन वाटांनी न्यायचे असतात. तीन सिलिंडरमध्ये ते मुळातच लांब लांब पडतात. आणि तो 'फुस्स' आवाजवाला व्हॉल्व्ह! कंपनीचा व्हॉल्व्ह पाय उचलल्यावर दाबलेली हवा परत कॉम्प्रेसरच्या तोंडाशी देतो, पंखा फिरता राहतो. ती बाहेर फुस्स करून सोडली, तर हवा मोजणाऱ्या सेन्सरवर चालणाऱ्या गाडीत संगणकाचा हिशेब चुकतो, कारण मोजलेली हवा इंजिनात पोचलेलीच नसते. आवाजासाठी लॅप टाइम घालवायचा असेल तर घालवा बापडे.

रॅलीच्या गाड्यांचे फटाके तुम्ही व्हिडिओत ऐकलेत. ती अँटी-लॅग. पाय उचलल्यावरही थोडं इंधन आणि हवा मुद्दाम एक्झॉस्टमध्ये जाळून टर्बाइन फिरतं ठेवायचं. लॅग जवळपास गायब. पण टर्बाइन, मॅनिफोल्ड, व्हॉल्व्ह सगळं भट्टीत. फॅक्टरी टीमला टर्बो हा ब्रेक पॅडसारखा बदलायचा माल असतो, तुम्हाला तो एका सेमिस्टरच्या फीएवढा. विसरा.

राहिला पाय. याला पैसे लागत नाहीत, म्हणून याच्यावर कुणी व्हिडिओ बनवत नाही. वळणाच्या मध्यावर आरपीएम उंबरठ्याच्या बऱ्यापैकी वर राहील असा गिअर ब्रेक मारतानाच निवडा. मग पाय पूर्ण दाबायची वाट न बघता, वळणाच्या मध्याच्या थोडं आधीच थ्रॉटल हलकासा उघडा. धूर वाढायला लागतो, पंखा जागा होतो, आणि स्टिअरिंग सरळ होताना बूस्ट हजर. तुमच्या गाडीचा लॅग पाऊण सेकंद असेल, तर तुमचा पाय पाऊण सेकंद आधी. पण हळू. रॅलीवाले डाव्या पायाने ब्रेक आणि उजव्याने थ्रॉटल एकत्र दाबतात. आजच्या बहुतेक गाड्यांत दोन्ही पेडल दाबली की संगणक ताकदच तोडतो, त्यामुळे ते इथे चालणार नाही. कार्टिंगमध्ये हा पाय घडतो. कोल्हापूरची फेरी म्हणूनच फुकट जात नाही, कार्टला टर्बो नसला तरी.

इंजिनिअरिंगवाल्यांनो, तुमच्यासाठी एक जादा कोडं. फॉर्म्युला स्टुडंटच्या नियमांत इंजिन ७१० सीसीपर्यंत आणि पेट्रोलला हवेच्या वाटेत २० मिलिमीटरचा रिस्ट्रिक्टर. टर्बो चालतो, पण रिस्ट्रिक्टर कॉम्प्रेसरच्या आधी. आपल्याकडचे कित्येक संघ चाकणला बनणारं केटीएम ३९० चं एक सिलिंडरचं इंजिन वापरतात. एक सिलिंडर म्हणजे क्रँकच्या दोन फेऱ्यांत धुराचा एकच ठोका. एवढ्या तुटक श्वासावर टर्बो सतत फिरता कसा ठेवणार? बऱ्याच संघांनी विचार करून टर्बो नको म्हटलंय, आणि त्यात कमीपणा नाही.

आणि हो, चाचणी. एनएच ६६ चौपदरी झाला म्हणून तो ट्रॅक होत नाही, आंबोली आणि करूळ घाट तर नाहीच. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ नोंदणीतल्या तपशिलाविरुद्ध गाडीत बदल करायला मनाई करतं आणि अपघात झाला तर विमा कंपनी पहिलं तेच बघते. बापाच्या नावावरची गाडी असेल तर नोटीस बाबांच्या नावाने येते.

ट्रॅकवर गेलात की डायग्नोस्टिक पोर्टला एक साधा डोंगल लावा आणि आरपीएम, थ्रॉटल आणि बूस्ट या तीन गोष्टी रेकॉर्ड करा. घरी आल्यावर दोन रेषा एकावर एक ठेवून बघा. थ्रॉटलची रेष उभी चढते, बूस्टची तिच्या मागून येते. त्या दोघींमधलं अंतर म्हणजे तुमच्या गाडीचा लॅग, सेकंदात. वहीत लिहा, सोबत गिअर, वळण आणि हवेचं तापमान. मालवणचा मे आणि कोइमतूरचा डिसेंबर सारखे नसतात. मग एका वेळी एकच गोष्ट बदला. आधी क्लिपा.